भिंतीवरचे पॅनेल खिशात मावताना

चिखलीच्या जलशुद्धीकरण केंद्रात येणारे पाणी दुरून येते. मावळातील आंद्रा धरणातून ते इंद्रायणीत सोडले जाते, निघोजे येथील बंधाऱ्यापाशी पंपांनी उचलले जाते आणि नळमार्गाने चिखलीपर्यंत आणले जाते. दिवसाला १०० दशलक्ष लिटर पाणी शुद्ध करण्याची या केंद्राची क्षमता आहे. महापालिकेने नोव्हेंबर २०१९ मध्ये शहराला दिवसाआड पाणी देण्यास सुरुवात केली, तेव्हापासून पवनेखेरीज दुसऱ्या स्रोताची वाट पाहणाऱ्या पिंपरी-चिंचवडकरांना या पाण्याचे मोल वेगळे सांगायला नको. अशा कोणत्याही केंद्रात रात्रपाळीला बसलेल्या ऑपरेटरला मात्र ना धरण दिसते, ना बंधारा. त्याला दिसतो तो संगणकाचा पडदा. पाणी गढूळ आले, पंप बंद पडला, क्लोरीन कमी पडू लागले, हे सारे त्या पडद्याने त्याला सांगायचे असते. पडद्याने सांगितले नाही, तर सकाळी नळाखाली भांडे धरणाऱ्याला ते कळते.

हाच पडदा आता एका जागी राहिलेला नाही. नियंत्रण कक्षातील मोठ्या मॉनिटरवर जे चित्र असते, तेच पंपघरातील सात इंची पॅनेलवर, अभियंत्याच्या टॅब्लेटवर आणि घरी झोपलेल्या पर्यवेक्षकाच्या मोबाइलवरही हवे, अशी मागणी होऊ लागली आहे. भोसरीपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांतही तीच मागणी ऐकू येते. उपकरणाच्या आकारानुसार स्वतःला जुळवून घेणाऱ्या या मांडणीला ‘रिस्पॉन्सिव्ह’ म्हणतात. संकेतस्थळांच्या संदर्भात हा शब्द इथन मार्कॉट या रचनाकाराने मे २०१० मधील लेखात प्रथम वापरला. वृत्तपत्राचे पान मोबाइलवर नीट दिसावे यासाठी जन्मलेली ही कल्पना पंप, भट्टी आणि झडपा यांना लावताना मोठा फरक पडतो. वृत्तपत्राच्या पानावरची एखादी बातमी खाली ढकलली गेली तर वाचकाचे फारसे बिघडत नाही. क्लोरीनचा आकडा खाली ढकलला गेला तर बिघडते.

भिंत, मग खिडकी, मग फट

पन्नास वर्षांपूर्वीच्या नियंत्रण कक्षात भिंतभर पॅनेल असे. प्रत्येक पंपाला दिवा, प्रत्येक टाकीला काटा, आणि त्याखाली कागदावर रेघ ओढणारी लेखणी. दिसायला ते अवजड होते, पण त्यात एक मोठा गुण होता. खोलीत शिरताच जुन्या ऑपरेटरला कुठेतरी काहीतरी वेगळे आहे हे एका नजरेत कळे. कोणता काटा नेहमीच्या जागी नाही, हे वाचावे लागत नसे.

१९७५ मध्ये अमेरिकेच्या हनीवेल कंपनीने टीडीसी २००० आणि जपानच्या योकोगावा कंपनीने सेंटम ही प्रणाली बाजारात आणली. नियंत्रण संगणकात गेले आणि भिंतीची जागा पडद्याने घेतली. पुण्यात १९८७ मध्ये टाटा हनीवेल स्थापन झाली. २००४ मध्ये टाटांनी आपला हिस्सा विकल्यानंतर ती हनीवेल ऑटोमेशन इंडिया झाली आणि हडपसरहून तिचा कारभार चालू लागला. त्याच १९८७ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या वंडरवेअर कंपनीने विंडोजवर चालणारे पडदे आणले आणि छोट्या उद्योगालाही संगणकावर यंत्र पाहणे परवडू लागले.

सोय झाली, पण भिंत गेली. पूर्वी एकदम दिसणारा कारखाना आता एकापाठोपाठ एक उघडायच्या तीस-चाळीस पानांत वाटला गेला. भिंतीऐवजी खिडकीतून पाहणे सुरू झाले. मोबाइलवर तर खिडकीचीही फट होते. रिस्पॉन्सिव्ह पडद्याचा खरा प्रश्न इथे आहे. चित्र लहान करणे कोणत्याही सॉफ्टवेअरला जमते. फटीतून पाहणाऱ्याला काय दिसलेच पाहिजे, हे माणसाला ठरवावे लागते.

इंटरनॅशनल सोसायटी ऑफ ऑटोमेशन या संस्थेने २०१५ मध्ये आयएसए-१०१ हे ऑपरेटरच्या पडद्यांसाठीचे मानक प्रसिद्ध केले. या क्षेत्रात पडद्यांचे चार स्तर करण्याची पद्धत आता रूढ आहे: सर्वांत वर संपूर्ण प्रकल्पाचा आढावा, त्याखाली रोजचे काम चालणारे एकेका विभागाचे पडदे, मग एकेका यंत्राचा तपशील, आणि शेवटी दुरुस्तीसाठी लागणारी माहिती. ही उतरंड मान्य केली की आकाराचा गुंता बराच सुटतो. मोबाइलवर पहिला स्तर, यंत्राजवळच्या पॅनेलवर तिसरा आणि नियंत्रण कक्षात सगळे, अशी वाटणी करता येते. प्रत्यक्षात अनेकदा उलटे घडते. दुसऱ्या स्तराचा, नळ्या-टाक्यांनी भरलेला पडदा तसाच मोबाइलवर उतरवला जातो आणि दोन बोटांनी ताणून वाचावा लागतो.

एकटा आकडा

पडद्यावर आकडा असणे आणि त्याचा अर्थ कळणे यांतील अंतर किती महाग पडते, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात ६१० क्रमांकाच्या टाकीतील दाब १० वाजून २० मिनिटांनी २ पौंड प्रति चौरस इंच होता. पावणेअकराला पाळी बदलली. अकरा वाजता नव्या पाळीच्या ऑपरेटरने पाहिले तेव्हा काटा १० वर होता. २ ते २५ हा त्या टाकीचा नेहमीचा पल्ला मानला जाई, त्यामुळे १० मध्ये काही वावगे वाटले नाही. चाळीस मिनिटांत दाब पाचपट झाला आहे, हे त्या एकट्या आकड्यातून दिसत नव्हते. भोपाळच्या दुर्घटनेची कारणे अनेक होती आणि त्यांतील बरीच व्यवस्थापनाची होती, पण आकड्यामागचा प्रवास न दिसणे हेही त्यांतले एक.

म्हणूनच चांगल्या पडद्यावर आकड्याशेजारी गेल्या काही तासांची छोटी रेघ असते आणि नेहमीचा पल्ला फिकट पट्टीने दाखवलेला असतो. जलशुद्धीकरणात याचा उपयोग रोजचा. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा १ एनटीयूपर्यंत स्वीकारार्ह असतो आणि दुसरा स्रोत नसल्यास ५ पर्यंत चालवून घेतला जातो. गाळून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा आकडा ०.८ असेल तर तो नियमात बसतो. मात्र तासाभरापूर्वी तो ०.३ असेल, तर गाळणीचा थर धुवायची वेळ झाली आहे किंवा पावसाने नदी गढूळली आहे आणि तुरटीची मात्रा अपुरी पडते आहे. मोबाइलसाठी जागा वाचवताना रचनाकार सर्वप्रथम ही रेघ काढून टाकतात आणि आकडा मोठा करतात. काढायचेच असेल तर टाकीचे चित्र काढावे.

दुसरी गोष्ट, जोडीने पाहायचे आकडे जोडीनेच दिसावेत. २३ मार्च २००५ रोजी अमेरिकेतील टेक्सास सिटी येथे बीपीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट होऊन १५ जण ठार आणि १८० जखमी झाले. सुमारे १७० फूट उंचीच्या मनोऱ्यात द्रव १५८ फुटांपर्यंत चढला होता, तर पातळी मोजणारे उपकरण दहा फुटांहून कमी आणि तीही उतरती पातळी दाखवत होते. मनोऱ्यात किती आत जाते आणि किती बाहेर पडते, हे आकडे उपलब्ध होते, पण ते वेगवेगळ्या पडद्यांवर होते. शेजारी शेजारी असते तर तासन्‌तास आत जाते आहे आणि बाहेर काहीच येत नाही, हे शाळकरी मुलालाही दिसले असते. पाण्याच्या केंद्रातही बंधाऱ्यावरून आलेले पाणी आणि शहराकडे गेलेले पाणी ही अशीच जोडी आहे. पडदा अरुंद झाला की सॉफ्टवेअर चौकटी एकाखाली एक रचते. त्या रचनेत ही जोडी फुटणार नाही याची तजवीज आधीच करावी लागते.

लाल म्हणजे चालू की बंद?

रंगांचा घोळ आपल्याकडे विशेष आहे. वीज उपकेंद्राच्या किंवा मोटर पॅनेलच्या दिव्यांत भारतीय पद्धतीनुसार लाल म्हणजे विद्युतप्रवाह चालू आणि हिरवा म्हणजे बंद, अर्थात हात लावण्यास सुरक्षित. संगणकाचा पडदा बनवणारा तरुण अभियंता मात्र रस्त्यावरच्या सिग्नलप्रमाणे हिरवा म्हणजे चालू आणि लाल म्हणजे बंद असे धरतो. परिणामी एकाच पंपघरात भिंतीवरचा लाल दिवा ‘पंप चालू’ सांगतो आणि त्याच्या बाजूचा पडदा लाल रंगातून ‘पंप बंद’ सांगतो. मुरलेला ऑपरेटर हे सांभाळून घेतो. कंत्राट बदलून नवा माणूस आला की त्याने कशावर विश्वास ठेवायचा?

यावर या क्षेत्रातील जाणकारांचा तोडगा रूक्ष वाटला तरी पटणारा आहे. पार्श्वभूमी फिकट राखाडी ठेवावी, चालू-बंद ही स्थिती गडद आणि फिकट छटांनी व शब्दाने दाखवावी, आणि भडक रंग फक्त बिघाडासाठी राखून ठेवावा. सर्व ठीक असताना पडदा कंटाळवाणा दिसला पाहिजे. रंग ओळखण्यात अडचण असलेल्यांचाही प्रश्न त्यामुळे सुटतो, कारण केवळ रंगावर काही अवलंबून राहत नाही. अडचण येते ती उद्‌घाटनाच्या दिवशी. गोल फिरणारे पंप, त्रिमिती टाक्या आणि निळेशार वाहते पाणी पाहुण्यांना आवडते; राखाडी पडदा पाहून पैसे कुठे गेले असा प्रश्न येतो. पाहुणे तासाभरात जातात आणि ऑपरेटरला ते फिरते पंप पुढची पंधरा वर्षे पाहावे लागतात.

दिव्याविषयी आणखी एक धडा जुना आहे. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात एक झडप उघडी अडकून राहिली. पॅनेलवरचा दिवा मात्र विझलेला होता, म्हणून ती बंद झाली असे ऑपरेटरनी मानले. तो दिवा झडपेची स्थिती दाखवतच नव्हता. झडपेला दिलेला आदेश दाखवत होता. दोन तासांहून अधिक काळ शीतक पाणी वाहून गेले. आजही कित्येक पडद्यांवर बटण दाबताच पंपाचे चित्र ‘चालू’ होते. आदेश गेला, मोटर फिरली आणि पाणी आले या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मोबाइलवर संदेश पोहोचायला काही सेकंद लागतात तेव्हा हा भेद अधिकच महत्त्वाचा ठरतो. काही घडले नाही असे वाटून माणूस बटण पुन्हा दाबतो, आणि चालू-बंद दोन्हीसाठी एकच बटण असेल तर नुकताच सुरू झालेला पंप बंद करून बसतो.

इशाऱ्यांचा पूर

वेल्समधील मिलफर्ड हेवन येथे २४ जुलै १९९४ रोजी टेक्साकोच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला. त्याआधीच्या सुमारे ११ मिनिटांत दोन ऑपरेटरपुढे २७५ इशारे आले होते. ते वाचणेही अशक्य होते, मग समजणे दूरच. या आणि अशा घटनांनंतर ब्रिटनमधील ईईएमयूए या संस्थेने १९९९ मध्ये मार्गदर्शिका काढली. कारखाना सुरळीत चालू असताना दहा मिनिटांना सरासरी एकाहून कमी इशारा असावा आणि मोठ्या बिघाडानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांतही दहाच्या आत असावेत, असे तिने सुचवले. २००९ च्या आयएसए-१८.२ या अमेरिकी मानकानेही इशाऱ्यांना शिस्त लावली. इशारा म्हणजे ज्यावर ऑपरेटरने काहीतरी करणे आवश्यक आहे अशी सूचना, ही त्यातील व्याख्या. ‘पंप क्रमांक दोन सुरू झाला’ हा इशारा नव्हे. ती नोंद आहे.

मोबाइलने या पुराला नवे दार उघडले आहे. सर्व इशारे सर्वांना पाठवणे तांत्रिकदृष्ट्या सर्वांत सोपे, म्हणून तेच केले जाते. आठवड्याभरात सगळे जण आवाज बंद करून टाकतात. रात्री दोन वाजता पर्यवेक्षकाला फोन वाजवून उठवायचे असेल, तर तो त्या क्षणी काय करू शकतो हे आधी ठरलेले हवे. क्लोरीनची गळती, सर्व पंप एकाच वेळी बंद पडणे, शुद्ध पाण्याची टाकी रिकामी होत येणे, एवढी यादी बहुतेक केंद्रांना पुरावी. संदेशात काय झाले, केव्हा झाले आणि कक्षातील ऑपरेटरने त्याची दखल घेतली की नाही, या तीन गोष्टी असाव्यात.

शिळा आकडा

दिवसाआड पाणी असलेल्या शहरात वॉल्व्हमन हा महत्त्वाचा माणूस. कोणत्या भागाला केव्हा सोडायचे हे त्याच्या चावीवर ठरते. उंच टाकीची पातळी त्याला मोबाइलवर दिसली तर फेरी वाचते. मात्र टाकीवरचे उपकरण मोबाइल नेटवर्कवरून दर काही मिनिटांनी माहिती पाठवते आणि वीज किंवा नेटवर्क गेले की थांबते. अशा वेळी बरेच पडदे शेवटचा आकडा तसाच दाखवत राहतात. टाकी तीन मीटर भरली आहे असे दिसते. ती तीन मीटर दोन तासांपूर्वी होती. औद्योगिक संदेशवहनाच्या ओपीसी यूए या पद्धतीत प्रत्येक मोजमापासोबत त्याची वेळ आणि ते विश्वसनीय आहे की नाही याची खूण येतच असते. पडदा बनवणारे ती खूण वापरत नाहीत. आकडा शिळा झाला की तो पुसट व्हावा, त्यावर रेघ यावी आणि ‘१२ मिनिटांपूर्वी’ असे लिहून यावे, ही मागणी चैनीची नाही. जागा कितीही कमी असली तरी वेळ काढून टाकता कामा नये.

मोबाइलवरून केवळ पाहता यावे की यंत्र चालवताही यावे, हा पुढचा वाद. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात ओल्ड्समार या गावाच्या जलशुद्धीकरण केंद्रात ऑपरेटरच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा बाण हलू लागला आणि कॉस्टिक सोड्याचे प्रमाण १०० वरून ११,१०० पीपीएम झाले. त्याने ते लगेच पूर्ववत केले. दूरस्थ घुसखोरी म्हणून हे प्रकरण जगभर गाजले. २०२३ मध्ये त्या गावाच्या माजी व्यवस्थापकाने मात्र तो कर्मचाऱ्याच्याच चुकीचा प्रकार असल्याचे सांगितले. घुसखोर असो वा कर्मचारी, प्रणालीने १११ पट मात्रा निमूटपणे स्वीकारली, हा मुद्दा उरतोच. अशा मर्यादा पडद्यावर घालून भागत नाही, कारण पडदे अनेक असतात. त्या पंपाला प्रत्यक्ष आदेश देणाऱ्या पीएलसीमध्येच घालाव्या लागतात. मोबाइल सामान्यतः पाहण्यापुरता ठेवावा आणि नियंत्रण एका वेळी एकाच जागी असावे, ते कुठे आहे हे प्रत्येक पडद्यावर दिसावे. यंत्राजवळ माणूस पाना घेऊन वाकलेला असताना दुसऱ्याने दुरून मोटर सुरू करणे, ही कल्पनेतली भीती नाही. आणीबाणीत यंत्र थांबवणारे लाल बटण तर तारेने जोडलेले, हाताने दाबायचे आणि यंत्रापाशीच हवे. काचेवरचे चित्र त्याची जागा घेऊ शकत नाही.

तेलकट बोटे आणि तुटके उकार

छोट्या कारखान्यांत, मग ते चिखलीतील असोत वा भोसरीतील, पडद्याची अडचण वेगळी. पावडर कोटिंगच्या भट्टीला किंवा प्रेसला जोडलेले पॅनेल चार ते सात इंचांचे असते. समोरच्या माणसाच्या हातात मोजे असतात किंवा बोटांना तेल असते. मोबाइलच्या मोजपट्टीनुसार साधारण नऊ-दहा मिलिमीटरचे बटण पुरते. मोज्यांच्या हाताला त्याच्या दीडपट-दुप्पट जागा लागते. मोबाइलसारखी काच अनेक प्रकारच्या मोज्यांना दादच देत नाही, तिथे दाबाने चालणारा जुना प्रकार बरा. दुसऱ्या टोकाला चाकणच्या मोटार कारखान्यांत जुळणीच्या साखळीवर टांगलेला अँडन फलक असतो. जपानी भाषेत अँडन म्हणजे कंदील. पन्नास फुटांवरून दिसावा म्हणून त्यावर जेमतेम चार-पाच गोष्टी असतात. किती दाखवू नये हे शिकायचे असेल तर अँडन चांगला गुरू आहे.

भाषेचा प्रश्न यातच दडलेला आहे. यंत्र पुरवठादाराचे पडदे इंग्रजीत असतात आणि बिघाड झाला की ‘एरर २७’ एवढेच उमटते. २७ म्हणजे काय हे पुस्तिकेत असते आणि पुस्तिका कार्यालयातील कपाटात. मराठी करायचे ठरले तरी अक्षरांची मोडतोड होते, कारण जुन्या पॅनेलना जोडाक्षरे जुळवता येत नाहीत. ‘स्थिती’मधील वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. इंग्रजी अक्षरांच्या मापाने आखलेल्या चौकटीत शिरोरेषेवरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जातात. देवनागरीसाठी ओळीची उंची वाढवून घ्यावी लागते आणि ती आराखड्यातच वाढवावी लागते, मागाहून नाही. शब्दही शब्दकोशातले नकोत. ‘हस्तचालित’पेक्षा ‘मॅन्युअल’ आणि ‘खंडित’पेक्षा ‘ट्रिप झाला’ हे कामगाराच्या तोंडचे आहे. त्याउलट ‘टर्बिडिटी’ला ‘गढूळपणा’ हा सगळ्यांना कळणारा शब्द आहे, तो वापरायला हरकत नसावी.

हे सारे बरोबर झाले की नाही, हे तपासण्याची रीतही बदलायला हवी. पडदे सहसा दिवसा, वातानुकूलित खोलीत, मोठ्या मॉनिटरवर आणि ऑपरेटरच्या गैरहजेरीत मंजूर होतात. मुद्दाम खोटा बिघाड घडवून, रात्रपाळीच्या माणसाला पॅनेलपुढे आणि मोबाइल देऊन उभे करावे, आणि काय बिघडले हे सांगायला त्याला किती सेकंद लागतात ते घड्याळावर मोजावे. त्याला पहिल्या नजरेत सांगता आले नाही तर पडदा परत पाठवावा. निविदेत ‘आकर्षक ग्राफिक्स’ या कलमाशेजारी या चाचणीचे कलम घालायला वेगळा खर्च येत नाही.

निविदेतले आणखी एक कलम बहुधा विसरले जाते. पंप बदलला, नवी गाळणी आली, तरी पडद्यावर जुनेच चित्र राहते, कारण पडद्याची मूळ फाइल आणि तिचा पासवर्ड ठेकेदाराकडे असतो आणि देखभालीची मुदत संपलेली असते. मग ऑपरेटर पडद्यावर ‘पंप ३’ दिसला की तो ‘पंप ४’ समजायचा, असे पाठ करून ठेवतो आणि पाळी बदलताना पुढच्याला तोंडी सांगतो. प्रकल्प ताब्यात घेताना मूळ फाइल, पासवर्ड आणि इशाऱ्यांची यादी संस्थेच्या नावे लेखी मागून घेता येते.